चेन वाजते आहे : बदलायची की चालवायची?

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, पीककर्जावर झालं, आणि आता जेवणं झाल्यावर मला उभं केलं आहे. विषय दिला आहे इंजिनच्या टायमिंग चेनचा. फलकावर विषय वाचून काही जण हसले, ते मी पाहिलं. हसा. पण सकाळी येताना बाहेर लिंबाखाली उभ्या असलेल्या गाड्या मी पाहून आलो आहे. निम्म्या गाड्या वीस वर्षांच्या आगेमागे आहेत. त्यातल्या दोन गाड्यांचा आवाज मी फाटकातून शिरतानाच ऐकला. मालक इथेच बसले आहेत, मी नाव घेत नाही.

मी इंजिनियर नाही. सोळा एकर कोरडवाहू आहे. कापूस, तूर, थोडी ज्वारी. तरुणपणी घरची शेती पोटाला पुरेना, तेव्हा तालुक्याच्या गावी एका गॅरेजात सहा वर्षं हात काळे केले. तिथं जे शिकलो आणि पुढे स्वतःच्या गाडीवर जे भोगलं, तेवढंच सांगणार आहे.

आधी कोणत्या इंजिनाबद्दल बोलतो ते सांगतो. ट्रॅक्टरवाल्यांनी लगेच घाबरू नये. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरमध्ये चेन नसते. क्रँक आणि कॅम यांच्यामध्ये दात्यांची चाकं असतात, गिअर. ती झिजतात, पण चेनसारखी लांबत नाहीत. विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनातही गिअरच. चेन असते ती जीपगाड्यांत. आपल्या भागात जुन्या ट्रॅक्स गाड्या अजून आहेत. माणसं, बियाणं, फवारणीचे पंप, लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्यातली बाई, सगळं त्यात बसून गेलेलं आहे. त्या जुन्या गाड्यांचं डिझेल इंजिन मूळ मर्सिडीजच्या घरचं, ओएम ६१६ नावाचं. २४०० सीसीच्या आतबाहेरचं. जर्मनीत ते १९७३ साली २४० डी नावाच्या मोटारीत आलं. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीनं परवाना घेऊन ते इथं बनवलं. तीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स झाली. इंजिन चिवट आहे. इतकं चिवट की मालक त्याला अमर समजतो, आणि तिथंच घोटाळा होतो.

चेन लांबते म्हणजे काय होतं

क्रँक दोन फेरे फिरली की कॅमनं एक फेरा फिरायचा, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, वेळेवर मिटतात. ही वेळ सांभाळणारी ती चेन. सायकलच्या चेनसारखीच, पण दुहेरी, आणि ऑईलमध्ये बुडून चालणारी. खाली क्रँकच्या चाकावरून निघते, वाटेत डिझेल पंपाला फिरवते, आणि वर हेडमध्ये कॅमच्या चाकावर जाते.

आपण म्हणतो चेन ताणली. लोखंड ताणत नाही, भाऊ. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आहे, पिनेवर बुश आहे. तिथं झीज होते. एका सांध्यातली झीज केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही. पण शंभरावर सांधे एकामागे एक आहेत, आणि सगळ्यांची झीज एकाच दिशेला जमा होते. चेन मिलिमीटरभर लांब झाली की वरचा कॅम खालच्या क्रँकच्या मागे पडतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. आणि डिझेल पंपसुद्धा त्याच चेनवर असल्यामुळे डिझेलही उशिरा पडतं.

मग काय दिसतं? सकाळी गाडी चालू व्हायला वेळ घेते. चालू झाल्यावर पांढरा धूर सोडते. चढावर दम लागतो. डिझेल जास्त पिते. आपण म्हणतो गाडी म्हातारी झाली. म्हातारी झाली हे खरं, पण नेमकं कुठं म्हातारी झाली ते आपण विचारत नाही.

माझी चूक

२००९ सालची गोष्ट. माझ्याकडे जुनी डिझेल जीप होती, तिसऱ्या हाताची. सकाळी चालू केली की पुढून खर्र खर्र आवाज यायचा, पाच-सात सेकंद, मग बंद. मिस्त्री म्हणाला, चेन बघून घ्या. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. दिवाळी झाली, वेचणी लागली. म्हटलं, वेचणी उरकू दे. तेव्हा मी ऑईल कधी बदलायचो? काळं झालं की. आणि डिझेल इंजिनचं ऑईल तर बदलल्यावर दोन दिवसांत काळं होतं, म्हणून काळ्याकडे पाहणंही मी सोडलं होतं. त्या ऑईलमधली काजळी म्हणजे चेनच्या सांध्यांसाठी पॉलिश पेपर. ही झीज कंपनीनं केली नाही, नशिबानं केली नाही, मी केली.

डिसेंबरात संध्याकाळी शेजारच्या गावाहून वेचणीच्या बाया घेऊन येत होतो. आठ बाया होत्या. घाटाच्या अलीकडच्या चढावर आवाज झाला, लोखंडी डबा दगडावर आपटावा तसा, आणि इंजिन बंद. पुन्हा स्टार्टर मारला. ती दुसरी चूक. आत जे वाकायचं राहिलं होतं तेही वाकलं. बाया थंडीत रस्त्यावर बसल्या. नऊच्या सुमाराला एका ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना घरी पोहोचवलं. कुणाला काही इजा झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या बाया माझ्या वावरात आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि फुटलेला कापूस झाडावर लोंबत राहिला. हे नुकसान गॅरेजच्या बिलात कुठं लिहिलेलं नसतं.

हेड उतरवल्यावर कळलं : चेन मधून तुटलेली नव्हतीच. चेनला आधार देणारी आतली पट्टी तुटली, तिचा तुकडा चाकाखाली गेला आणि चेन दाते सोडून उडाली. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची जागा एकमेकांत येते. वेळ चुकली की उघडा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो. पाच व्हॉल्व्ह वाकले, एका पिस्टनला खड्डा पडला, हेड रेतावं लागलं. त्या वर्षीच्या भावानं सांगतो, साडेसात क्विंटल कापूस गेला. चेन, पट्ट्या आणि मजुरी आधी दिली असती तर एक क्विंटलच्या आतबाहेर काम होतं.

आता इथं कुणीही म्हणेल, मग सोपं आहे, आवाज आला की चेन बदला. थांबा. त्याच्या उलट गोष्ट मी पाहिली आहे.

पुतण्याची गाडी

२०१७ चा जून. मृगाला चार दिवस राहिलेले. पुतण्या संध्याकाळी घरी आला, तोंड उतरलेलं.

"काका, चेन वाजते म्हणते मिस्त्री. इंजिन खाली उतरवा लागते म्हणे. चेन, पिस्टन, सगळंच करून घ्या म्हणते."

"पैसे?"

"बियाण्याचे ठेवले आहेत ना."

"आणि बियाणं?"

"कृषी केंद्रातून उधारीवर घेतो."

उधारीवर बियाणं म्हणजे काय भावानं पडतं हे या मंडपात कुणाला सांगायला नको. मी म्हटलं, बाबू, मिस्त्रीनं मोजलं का? तो म्हणाला, आवाज ऐकला ना त्यानं. मी म्हटलं, आवाज ऐकून बैलाचं वय सांगतो का कोणी? दात पाहतो की नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर आम्ही दोघांनी ती गाडी मोजली. दीड तास लागला. खर्च शून्य. हे मोजणं मी तुम्हाला सांगणार आहे, कारण आजच्या भाषणात खरं सांगण्यासारखं तेवढंच आहे. बाकी सगळं आपण चहाच्या टपरीवर बोलतोच.

दात कसे पाहायचे

टॅपेटचं झाकण काढायचं. पुढच्या बाजूला कॅमचं चाक दिसेल. चाकाच्या लगेच मागे कॅमवर एक बारीक खाच असते, आणि ज्या ठोकळ्यात कॅम बसला आहे त्यावर एक खूण असते. तेलकट असते, चिंध्यानं पुसल्याशिवाय दिसत नाही. आता खाली जा. क्रँकच्या पुलीवर अंशांच्या रेघा असतात आणि समोर एक काटा असतो. गंजलेल्या असतात, तारेच्या ब्रशनं घासा. रेघा मिळाल्याच नाहीत, फक्त टॉपची खूण मिळाली, तरी चालतं. पुलीच्या घेराला सुतळी गुंडाळून लांबी मोजा आणि तिला ३६० नं भागा. एक अंश म्हणजे किती मिलिमीटर ते निघालं.

आता क्रँकच्या नटाला मोठा गोटी पाना लावून इंजिन हातानं फिरवायचं, पुढून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. नोझल किंवा ग्लो प्लग काढले असतील तर हलकं फिरतं. स्टार्टरनं फिरवायचं नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : उलटं फिरवायचं नाही. उलटं फिरवलं की चेनचा ढिलेपणा चुकीच्या बाजूला जातो, माप खोटं येतं, आणि चेन फार झिजलेली असेल तर दाता उडू शकतो. खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे येऊ नका, पुन्हा दोन फेरे पूर्ण करा. कॅमची खाच दोन फेऱ्यांत एकदाच येते.

वरची खाच आणि खूण बरोबर जुळली की हात थांबवा, आणि खाली पुलीवर वाचा. नव्या चेनवर काटा शून्यावर, म्हणजे टॉपवर असतो. चेन झिजलेली असेल तर कॅम मागे पडलेला आहे, त्याला खुणेवर आणेपर्यंत क्रँक टॉपच्या पुढे गेलेली असते. ती जितके अंश पुढे गेली, तितकी चेन लांबलेली. दोनदा-तीनदा वाचा. तिन्ही वेळा सारखं आलं तरच खरं धरा.

पुतण्याची गाडी चार अंशांवर होती.

चार अंश म्हणजे काय? मूळ जर्मन दुरुस्तीच्या पुस्तकात या घराण्याच्या इंजिनांसाठी एक माप दिलेलं आहे. आत घेणारा व्हॉल्व्ह दोन मिलिमीटर उघडेल तेव्हा क्रँक टॉपच्या पुढे नव्या चेनवर ११.५ अंश असावी, आणि २०,००० किलोमीटर चाललेल्या चेनवर १३.५. म्हणजे बनवणाऱ्यानंच धरून ठेवलं आहे की चेन सुरुवातीला दोन अंश ढिली होणार. दोन अंश हा रोगच नाही. तीन-चार अंशांवर जुन्या गाड्या वर्षानुवर्षं चालतात. पाचाच्या पुढे गेलं की डोळा ठेवायचा. दहाच्या जवळ आलं की हुज्जत घालायची नाही, चेन बदलायची.

मधल्या मापासाठी त्या कारखान्यानं आणखी एक सोय केली होती. कॅमच्या चाकातली जी अर्धचंद्री चावी असते, ती थोडी तिरपी मिळते, वेगवेगळ्या मापांची. ती घालून कॅम चार ते दहा अंश पुढे घेता येतो. पण चेनची झीज तशीच राहते, वेळ तेवढी सुधारते. मी कधी वापरली नाही. चेन उघडायचीच तर नवीच घालावी असं मला वाटतं. माझं मत आहे, मिस्त्री लोकांचं वेगळं असू शकतं.

मग आवाज कशाचा होता?

पुतण्याच्या गाडीत आवाज तर होता. मिस्त्री खोटं बोलत नव्हता, तो घाईत होता.

आधी टॅपेट पाहिले. गार इंजिनावर आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१० मिलिमीटर आणि बाहेर टाकणाऱ्याला ०.३० मिलिमीटर फट हवी. फिलर गेज घातला तर दोन ठिकाणी दुप्पट. ती नीट केली, अर्धा आवाज गेला. मग इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा ढिला करून पाहिला. ज्या सिलिंडरचा नट ढिला केल्यावर ठोका थांबतो, त्याचं नोझल खराब असतं. हे करताना हात आणि तोंड लांब ठेवा. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं, हा थट्टेचा विषय नाही. नोझल ठीक निघाले. शेवटी उरला सकाळचा खर्र आवाज. तो चेनचाच होता, पण चेनचा दोष नव्हता. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. रात्रभरात त्याच्यातलं तेल उतरून जायचं. सकाळी दाब येईपर्यंत चेन पट्टीवर आपटायची. टेन्शनर काढला, नवा आणला, तेलात बुडवून दाबून दाबून भरला आणि बसवला. रिकामा बसवला तर पहिल्याच स्टार्टला चेन दाता सोडू शकते, म्हणून भरून.

बियाणं रोखीनं आलं. मृगाचा पाऊस त्या वर्षी लांबला ती गोष्ट वेगळी.

पण मी त्याला एक गोष्ट तेव्हाच सांगितली, आणि तुम्हालाही सांगतो. अंश मोजल्यानं चेन किती झिजली ते कळतं. आतली पट्टी कशी आहे ते कळत नाही. माझी गाडी पट्टीनं घात केला होता. कदाचित तेव्हा माझी चेन सात अंशांवरच असेल. म्हणून झाकण उघडलंच आहे तर टॉर्च घेऊन आत पाहा. वरची पट्टी दिसते. तिच्या तोंडावरचं प्लास्टिक फुटलं आहे का, चेननं दोन खोल नाल्या पाडल्या आहेत का? ऑईल काढाल तेव्हा फडक्यातून गाळा. त्यात तपकिरी किंवा काळ्या प्लास्टिकचे तुकडे, किंवा चांदीसारखी चमकणारी कीस दिसली, तर अंश दोन असोत की दहा, गाडी घरी उभी करा. आणि चाकाचे दाते पाहा. दात्यांना कोयत्यासारखा बाक आला असेल तर नवी चेन त्या चाकावर घालणं म्हणजे खुरकत झालेल्या गोठ्यात नवा बैल बांधणं.

वही काढा

२०१९ साली आम्ही पुन्हा मोजलं. सहा अंश. २०२२ च्या मे महिन्यात नऊ. दर वेळी पुतण्यानं दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यानं तारीख, किलोमीटर आणि अंश कोरून ठेवले. काकू म्हणाल्या, दार खराब केलं. मी म्हटलं, गाडीवर एवढं एकच खरं लिहिलेलं आहे.

नऊ अंशांवर प्रश्न चेनचा राहिला नाही, गाडीचा झाला. ही गाडी आणखी किती वर्षं ठेवायची? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी पुन्हा करावी लागते, ती पाच वर्षांची मिळते. पुतण्याची गाडी २००४ ची. २०१९ मध्ये एकदा केली, २०२४ मध्ये पुन्हा येणार होती. आणि १ एप्रिल २०२२ पासून जुन्या चारचाकीची ही फी ६०० रुपयांवरून ५००० वर गेली. शिवाय आपल्या राज्यात पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला पर्यावरण कर आहे, तो वेगळा. चेनला पैसा घालायचा आणि दोन वर्षांनी गाडी भंगारात द्यायची, तर तो पैसा गेला. चेनला पैसा घालायचा नाही आणि दोन वर्षं नऊ-दहा अंशांवर चालवायची, तर तो जुगार.

आम्ही वही घेऊन बसलो. एका बाजूला चेन, तिन्ही पट्ट्या, टेन्शनर, क्रँकचं पुढचं ऑईल सील, मजुरी. दुसऱ्या बाजूला दोन वर्षांनंतरची फी आणि कर. तिसरी ओळ : गाडी विकली तर काय येईल? नऊ अंशांची गाडी विकायची तर घेणाऱ्याला सांगायचं की नाही, असं पुतण्यानं विचारलं. मी म्हटलं, घेणारा कोण असेल? आपल्यासारखाच कोणी. चौथी ओळ : गाडी नसेल तर वेचणीला बाया आणायला भाड्यानं गाडी किती दिवस आणि किती पैसे? ही चौथी ओळ सगळ्यात मोठी निघाली. सांगाडा शाबूत, गिअर पेटी शाबूत, इंजिन ऑईल पीत नव्हतं. त्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. ज्यांनी घरात ठेवला त्यांना तो मिळाला. पुतण्यानं पाच क्विंटल ठेवला होता. त्यातला एक चेनला दिला.

अंश नऊच होते, पण सांगाडा सडलेला असता, किंवा इंजिन दर हजार किलोमीटरला दोन लिटर ऑईल मागत असतं, तर मी त्याला चेन बदलू नको असंच सांगितलं असतं. गाडी गावातल्या गावात हळू चालव, बाया बसवू नको, आणि हंगामानंतर भंगारात दे, असं म्हटलं असतं.

इथं एक वाक्य बाजूचं बोलतो. कृषी मूल्य आयोग पिकाचा खर्च काढतो, त्यात अवजारांची आणि इमारतींची झीज धरलेली असते. ती पुरेशी धरतात की नाही यावर सकाळी भांडण झालंच आहे. पण आपल्या घरच्या वहीत झिजेची ओळ आहे का? बैल विकत घेतला त्या दिवसापासून तो म्हातारा होतो आहे, मोट झिजते आहे, चेन झिजते आहे. त्या वर्षीची झीज त्या वर्षी बाजूला ठेवली नाही, की ती बियाण्याच्या पैशातून घ्यावी लागते, आणि ते नेमकं मृगाला घडतं. दर महिन्याला शंभर रुपये डब्यात टाकणं ज्याला जमेल त्यानं टाकावेत. ज्याला जमत नाही त्यानं निदान अंश लिहून ठेवावेत, म्हणजे खर्च कुठल्या सालात दारात येणार ते दोन वर्षं आधी दिसतं.

बदलताना

बदलणं तुम्ही स्वतः करणार नाही, मिस्त्रीच करेल. पण समोर उभे राहा. नवी चेन घालायला इंजिन उतरवावं लागत नाही. जुन्या चेनची एक कडी वरच तोडतात, इंजिनच्या तोंडात चिंध्या गच्च कोंबून, म्हणजे कीस आत पडत नाही. टेन्शनर काढलेला असतो. जुन्या चेनच्या टोकाला नवी जोडायची, एकानं क्रँक हळूहळू फिरवायची, दुसऱ्यानं जुनी बाहेर ओढत राहायचं आणि चेन कॅमच्या चाकावर दाबून धरायची. नवी आत जाते, जुनी बाहेर येते. एक क्षण जरी चेन चाकावरून सुटली तरी सगळी वेळ चुकते, म्हणून घाई करणारा माणूस क्रँकवर बसवू नका. शेवटची कडी रिव्हेट करून घ्या, क्लिपवर सोडून देऊ नका. मग हातानं दोन पूर्ण फेरे, पुन्हा खुणा, पुन्हा वाचन. शून्य किंवा एखादा अंश आला पाहिजे.

पट्ट्या बदलायच्या असतील तर पुढचं काम वाढतं, त्याला दोन दिवस द्या. पट्ट्या जुन्या ठेवून फक्त चेन घालून देतो म्हणणारा मिस्त्री स्वस्त पडतो. मी २००९ मध्ये काय भोगलं ते सांगून झालं आहे.

आणि डिझेल पंपाची वेळ पुन्हा लावून घ्यायला विसरू नका. हे फार जण विसरतात. जुनी चेन मागे पडत गेली तसा कधीतरी कोणा मिस्त्रीनं पंप पुढे फिरवून वेळ जुळवलेली असते. नवी चेन घातली की तोच पंप आता जास्त पुढे जातो आणि इंजिन ठोकायला लागतं. मूळ पुस्तकात या इंजिनाला डिझेल सुटण्याची वेळ टॉपच्या २४ अंश आधीची आहे. इथल्या गाडीला जे पुस्तक असेल त्यातलं माप घ्यावं. पुतण्याच्या गाडीत हे केलं. सकाळी अर्ध्या सेल्फात चालू होते, पांढरा धूर गेला. २०२४ मध्ये नोंदणी पुन्हा करून घेतली. आता दोन अंशांवर आहे.

नव्या कॉमन रेलच्या पिकअप गाड्यांत हे सगळं खुणांवर पाहता येत नाही. तिथं मशीन जोडून कॅम आणि क्रँकचा मेळ वाचतात. ती मशीन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच करून घ्या. ऑईलचा नियम मात्र तिथंही तोच. मी जुन्या इंजिनाला पाच हजार किलोमीटरला ऑईल बदलतो, आणि धुळीच्या रस्त्यावर, ओझ्यावर गाडी असेल तर त्याही आधी.

मला दिलेली वेळ संपली आहे. प्रश्न असतील ते बाहेर लिंबाखाली विचारा. मी येताना मोठा गोटी पाना, फिलर गेज आणि तारेचा ब्रश पिशवीत घालून आणले आहेत. ज्या दोन गाड्या सकाळी वाजत होत्या, त्या सहा तास उभ्या आहेत, इंजिनं आता गार झाली असतील. पहिली कुणाची उघडायची ते मालकांनी आपसात ठरवा, आणि कोणीतरी टॉर्च आणा.